न शिजवलेल्या दाण्याचे इंधन

मुंबईच्या पूर्व उपनगरांच्या टोकाला, चेंबूर आणि मानखुर्दच्या पलीकडे खाडीला भिडलेला ट्रॉम्बेचा डोंगर आणि त्याच्या पश्चिमेची माहुलची सखल जमीन यांनी स्वतंत्र भारताच्या ऊर्जेचा मोठा भाग सात दशके पेलला आहे. येथे १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकचा आणि १९५५ मध्ये बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, जे आज हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या सरकारी कंपन्यांकडे आहेत. टाटांचे औष्णिक वीजकेंद्र त्याच दशकात उभे राहिले आणि १९५६ च्या ऑगस्टमध्ये डोंगराच्या खाडीकडच्या अंगाला 'अप्सरा' ही देशातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. 'इंधन' हे या अंकाचे सूत्र ठरल्यावर नजर ट्रॉम्बेकडे वळणे म्हणूनच स्वाभाविक होते. मात्र या लेखाचा विषय खनिज तेल किंवा अणू नसून, त्याच तेलात आता मिसळला जाणारा धान्याचा मद्यार्क आणि तो तयार करताना धान्य शिजवलेच पाहिजे का, हा प्रश्न आहे.

माहुल रस्त्यावरून दिवसभर ये-जा करणाऱ्या टँकरांमध्ये एकाच प्रकारचे द्रव असतात असे पाहणाऱ्याला वाटते, परंतु पेट्रोलमध्ये मिसळायचे इथेनॉल, म्हणजे मद्यार्क, सहसा शुद्धीकरण कारखान्यात तयार होत नाही, ते राज्याच्या अंतर्भागातील आसवन्यांतून, म्हणजे डिस्टिलऱ्यांतून येते. इथेनॉल हवेतील आणि नळातील पाणी चटकन शोषून घेते, त्यामुळे ते पेट्रोलच्या लांब पल्ल्याच्या नळवाहिन्यांतून सहसा पाठवत नाहीत. ते टँकरने वेगळे आणून तेल कंपन्यांच्या आगारात, वितरणाच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर पेट्रोलमध्ये मिसळतात. महाराष्ट्राचा या कामाशी संबंध जुना आहे, कारण २००१ मध्ये केंद्र सरकारने मिश्रणाचे जे प्रायोगिक प्रकल्प घेतले त्यांपैकी दोन मिरज आणि मनमाड येथे होते. जून २०२२ मध्ये मिश्रणाचे प्रमाण दहा टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोहोचले. याचा साधा अर्थ असा की, वाहनात भरल्या जाणाऱ्या पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमागे सुमारे २०० मिलिलिटर मद्यार्क हा कोठल्या तरी शेतात पिकलेला असतो. पूर्वी तो जवळजवळ सगळा उसाचा, म्हणजे मळीचा आणि रसाचा असे. आता त्याचा निम्म्याहून अधिक भाग मका आणि तांदूळ या धान्यांतून येतो.

दाण्याच्या आतली कुलूपबंद साखर

उसापासून मद्यार्क करणे तुलनेने सोपे असते, कारण उसात साखर आयती असते आणि यीस्ट ही एकपेशीय बुरशी साखर थेट खाऊन तिचे मद्यार्कात व कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करते. धान्यात साखर नसते, पिष्ट असते. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या हजारो रेणूंच्या साखळ्या. त्यांतील सरळ साखळ्यांना अमायलोज आणि फांद्या फुटलेल्या साखळ्यांना अमायलोपेक्टिन म्हणतात. या साखळ्या दाण्यात सैलसर पसरलेल्या नसतात, तर सूक्ष्म कणांत एकावर एक थर रचून, काही ठिकाणी स्फटिकासारख्या घट्ट बांधलेल्या असतात. तांदळाच्या पिष्टाचा कण साधारण ३ ते ८ मायक्रॉनचा, मक्याचा ५ ते २० मायक्रॉनचा, तर बटाट्याचा त्याहून कितीतरी मोठा असतो. बहुतेक यीस्टना हे कुलूप उघडता येत नाही.

उन्हाळ्यात कुरडया करणाऱ्या घरांत ही गोष्ट दरवर्षी डोळ्यांसमोर घडते. गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, वाटून काढलेला चीक रात्रभर ठेवला की पांढरा थर तळाशी बसतो आणि वर आंबूस पाणी राहते, म्हणजे कच्चे पिष्ट पाण्यात विरघळत नाही. तोच चीक आधणाच्या पाण्यात ढवळला की बघता बघता फुगतो, पारदर्शक आणि चिकट होतो. कणातील स्फटिकी बांधणी उष्णतेने आणि पाण्याने मोडते आणि साखळ्या मोकळ्या होतात. मक्याच्या बाबतीत हे साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला घडते, तांदूळ आणि ज्वारी यांना ६८ ते ७८ अंश लागतात. पिष्टाची अशी खळ झाल्यावर विकरे, म्हणजे एन्झाइमे, त्या साखळ्या सहज तोडू शकतात, आणि म्हणूनच जगभरच्या मद्यनिर्मितीत धान्य आधी शिजवण्याची रीत पडली.

वाफेचा हिशेब

धान्यावर चालणाऱ्या आधुनिक आसवनीत ही रीत मोठ्या प्रमाणावर पाळली जाते. धान्य हातोडा-चक्कीत भरडतात, त्या भरडीत पाणी घालून पातळ रबडी करतात, तिच्यात वाफ सोडून तिला शंभर अंशांच्या पुढे नेतात, मग साधारण ८५ ते ९० अंशांवर अल्फा-अमायलेज हे विकर साखळ्यांचे मोठे तुकडे करते, पुढे ६० अंशांच्या आसपास ग्लुकोअमायलेज हे दुसरे विकर त्या तुकड्यांच्या टोकांपासून एकेक ग्लुकोज सोडवते, आणि शेवटी सगळे ३० ते ३२ अंशांपर्यंत थंड करून त्यात यीस्ट घालतात. अनेक कारखान्यांत शेवटचे दोन टप्पे एकाच टाकीत चालतात. म्हणजे जे द्रव शेवटी उबदार दिवसाच्या तापमानाला आंबणार आहे, ते आधी उकळीपर्यंत नेऊन पुन्हा खाली आणावे लागते. यासाठी एकदा बॉयलरला कोळसा किंवा भुसा लागतो आणि दुसऱ्यांदा थंड करायला पाणी.

या खर्चाचा अंदाज साध्या गणिताने करता येतो. एक टन मक्याची तीस टक्के घट्टपणाची रबडी केली तर तिचे वजन सव्वातीन टनांच्या आसपास जाते, आणि ती ३० अंशांवरून १०५ अंशांवर न्यायला सुमारे ९०० मेगाज्यूल उष्णता लागते. त्याच एक टन मक्यातून ३८० ते ४०० लिटर इथेनॉल मिळते आणि त्यात साठवलेली ऊर्जा साधारण ८,००० मेगाज्यूल भरते. याचा अर्थ, गरम रबडीची उष्णता परत वापरली नाही तर तयार होणाऱ्या इंधनाच्या एक दशांशाहून अधिक ऊर्जा केवळ शिजवण्यात जाते. उष्णता-विनिमयक बसवलेल्या कारखान्यांत यातली बरीच वाचते हे खरे, आणि सर्वाधिक वाफ आसवनाला, म्हणजे आंबलेल्या द्रवातून मद्यार्क वेगळा करून तो निर्जल करण्याला लागते हेही खरे. तरीही जे इंधन परदेशी तेल आणि धूर कमी करण्यासाठी बनवायचे, त्याच्या प्रत्येक टप्प्यावर जाळलेल्या कोळशाची विचारणा झालीच पाहिजे.

न शिजवता

पिष्टाचे कुलूप उष्णतेशिवाय उघडता येते, हे निसर्गात मुबलक दिसते. साठवणीतल्या ओल्या धान्याला बुरशी लागते तेव्हा ती धान्य शिजवत नाही. तिची विकरे कच्च्याच कणाला पोखरतात. अशा काही विकरांच्या रेणूंना पिष्टाला धरून ठेवणारा एक वेगळा भाग असतो, ज्याच्या साहाय्याने ती कणाच्या पृष्ठभागाला चिकटून राहतात आणि त्याच जागी साखळी तोडत आत शिरतात. मका आणि ज्वारी यांच्या पिष्टकणांवर मुळातच सूक्ष्म छिद्रे असल्याने त्यांना वाटही मिळते. बटाट्याचे पिष्ट मात्र त्यांना दाद देत नाही. भारतीय परंपरेतही ही शक्यता अज्ञात नव्हती: कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात किण्व, म्हणजे आंबवण्याचे विरजण, तयार करण्याची जी कृती आहे तीत उडदाचे वाटण कच्चे किंवा शिजवलेले, दोन्ही चालेल असे सांगितले आहे.

औद्योगिक पातळीवर या शक्यतेला चालना मिळाली ती १९७० च्या दशकातील तेलसंकटामुळे, आणि तीही तेलासाठी जवळजवळ पूर्णतः परावलंबी असलेल्या जपानमध्ये. ओकिनावातील अवामोरी या तांदळाच्या मद्यासाठी वापरल्या जाणाऱ्या काळ्या कोजी बुरशीची विकरे कच्च्या पिष्टावर प्रभावीपणे काम करतात हे क्यूशू विद्यापीठातील सेइनोसुके उएदा यांनी अभ्यासले, आणि १९८२ मध्ये सनटोरी कंपनीच्या तंत्रज्ञांनी धान्य न शिजवता मद्यार्क करण्याची कारखान्याच्या प्रमाणावरची पद्धत प्रसिद्ध केली. अमेरिकेत आज पोएट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने विकरे बनवणाऱ्या नोव्होझाइम्सच्या सहकार्याने २००४ च्या सुमारास हीच कल्पना मक्याच्या प्रचंड कारखान्यांत उतरवली. तिच्यामुळे कारखान्याच्या ऊर्जेत ८ ते १५ टक्के बचत होते असे त्या कंपनीचे म्हणणे आहे, आणि वरच्या हिशेबाशी ते जुळते. चीनमध्ये बुरशी, विकरे आणि यीस्ट एकत्र वाळवून केलेले विरजण मिळते, जे कच्च्या तांदळाच्या भरडीत पाण्यासह मिसळले की आंबवण सुरू होते.

या पद्धतीचा खरा गुण वाफेच्या बचतीपेक्षाही तिच्या संथपणात आहे असे म्हणावेसे वाटते. शिजवलेल्या रबडीत सगळे पिष्ट एकदम साखरेत बदलू लागते, द्रवात साखरेचा लोंढा येतो आणि त्या दाबाखाली यीस्ट गुदमरते. कच्च्या पिष्टातून मात्र ग्लुकोज थोडे थोडे सुटते आणि यीस्ट ते लगेच संपवते, त्यामुळे एकाच टाकीत अधिक धान्य घालून अधिक मद्यार्क काढता येतो. शिवाय शिजवताना होणाऱ्या चिकट खळीला ढवळण्यासाठी लागणारी ताकद आणि पातळ करण्यासाठी लागणारे पाणी वाचते.

याच संथपणात पद्धतीचा दोषही आहे. उकळी धान्यावरचे असंख्य जंतू मारते. कच्च्या रबडीत ते सगळे जिवंत येतात आणि लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू यीस्टशी साखरेसाठी स्पर्धा करतात, मद्यार्काऐवजी आंबटपणा तयार करतात. म्हणून कच्च्या आंबवणाच्या टाकीत आम्लता आधीपासूनच वाढवून ठेवावी लागते, यीस्ट भरपूर घालावे लागते, धान्य अधिक बारीक दळावे लागते आणि टाक्या व नळ्यांची स्वच्छता काटेकोर ठेवावी लागते. काही देशांत यासाठी प्रतिजैविके वापरली गेली, पण त्यांचे अंश उरलेल्या चोथ्यात आणि तेथून जनावरांत जाऊ शकतात हे ध्यानात घेता ती वाट धरू नये. विकरांचा खर्चही अधिक पडतो. वाचलेला कोळसा आणि वाढलेला विकरखर्च यांचा मेळ प्रत्येक कारखान्यात वेगळा बसतो, आणि भारतातील बहुतेक धान्य-आसवन्या अजून शिजवण्याच्याच पद्धतीवर चालतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. धान्य न शिजवता आंबते म्हणून मद्यनिर्मिती घरगुती किंवा निर्धोक ठरत नाही. आसवन हा टप्पा राहतोच आणि परवान्याशिवाय तो करणे महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतील मालवणीत शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने मेली ती मिथेनॉल या औद्योगिक रसायनामुळे. धान्याच्या किण्वनात, म्हणजे आंबवण्यात, मिथेनॉल नगण्य तयार होते, ते विष म्हणून बाहेरून येते. परंतु हे ज्ञान त्या वस्त्यांपर्यंत वेळेत पोहोचत नाही.

ट्रॉम्बेतला १९७० चा गहू

कच्च्या पिष्टाच्या अभ्यासाचा एक धागा ट्रॉम्बेतूनच जातो. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या जीवरसायन व अन्नतंत्रज्ञान विभागात अनंतस्वामी, वकील आणि श्रीनिवासन या संशोधकांनी गव्हावर गॅमा किरणांचा मारा करून त्याच्या पिष्टात काय बदल होतात हे तपासले, आणि १९७० मध्ये त्यांचे दोन निबंध अन्नविज्ञानाच्या एका अमेरिकी नियतकालिकात लागोपाठ प्रसिद्ध झाले. गहू कीडमुक्त ठेवण्यासाठी किरणांचा उपयोग करायचा तर गव्हाचा कस बदलतो का, हे पाहण्याची निकड त्या काळी होती. त्यांच्या प्रयोगांतून दिसले ते असे की, किरण दिलेल्या गव्हाचे पिष्ट अमायलेज विकराला अधिक सहज बळी पडते, कारण किरण पिष्टाच्या लांब साखळ्या मध्येच तोडतात.

हे फलित मद्यार्कासाठी शोधलेले नव्हते, तरी कच्च्या धान्याच्या किण्वनाच्या दृष्टीने ते महत्त्वाचे आहे, कारण दाणा शिजवण्याऐवजी त्याची बांधणी दुसऱ्या मार्गाने सैल करता येते हे त्यातून दिसते. मग ही वाट पुढे का गेली नाही, याचे उत्तर मात्रेत आणि भावात आहे. लासलगाव येथील 'कृषक' या किरणप्रक्रिया केंद्रात कांद्याला कोंब फुटू नये म्हणून जी मात्रा देतात ती शंभर ग्रेहूनही (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) कमी असते, तर वाशीच्या केंद्रात मसाले निर्जंतुक करण्यासाठी कित्येक किलोग्रे, म्हणजे कितीतरी पट अधिक, मात्रा द्यावी लागते. पिष्टाची बांधणी लक्षणीय सैल करायची तर मात्रा मसाल्यांच्या पातळीची लागते. महागड्या मसाल्याला आणि शस्त्रक्रियेच्या साहित्याला हा खर्च परवडतो, इंधनासाठी टनांनी घ्यायच्या मक्याला तो परवडणारा नाही. बुरशीची विकरे तेच काम स्वस्तात करतात. तरी ट्रॉम्बेचे संशोधन त्यामुळे कमी मोलाचे ठरत नाही. पिष्टाच्या कणात नेमके काय मोडले म्हणजे विकराचा शिरकाव होतो, हे अशा कामांमुळेच समजले.

काळी पडलेली ज्वारी

महाराष्ट्रापुरता विचार केला तर कच्च्या किण्वनाला सर्वाधिक योग्य धान्य मका नसून पावसात सापडलेली खरीप ज्वारी आहे. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा ज्वारीचा भारतातील पहिला संकरित वाण आला आणि त्यामागोमाग लवकर तयार होणारे अनेक वाण विदर्भ-मराठवाड्यात पसरले. उत्पादन वाढले, पण या वाणांच्या कणसांत पाऊस संपण्याआधीच दाणे भरतात, त्यामुळे परतीचा पाऊस लांबला की उभ्या कणसात बुरशी शिरते आणि दाणे काळे पडतात. अशा ज्वारीला बाजारात माणसाच्या ताटासाठी गिऱ्हाईक नसते आणि ती मिळेल त्या भावाने काढून टाकावी लागते.

ज्वारीचे रसायन पाहिले तर शिजवणे तिला विशेष मानवत नाही. तिच्यातील काफिरिन हे प्रथिन उष्णतेने एकमेकांत घट्ट गुंतते आणि पिष्टकणांभोवती जाळे घालते, त्यामुळे शिजवूनही काही पिष्ट विकरांच्या हाती लागत नाही. न शिजवता बारीक दळलेल्या ज्वारीत हे जाळे तयार होत नाही. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातील संशोधकांनी १९९९ मध्ये खराब झालेल्या गहू आणि ज्वारीच्या दाण्यांवर कच्च्या पिष्टाचे विघटन आणि किण्वन करून मद्यार्क मिळवल्याचे प्रसिद्ध केले होते. म्हणजे दख्खनच्या पठारावर, इथल्याच निकृष्ट धान्यावर ही पद्धत चालते याचा पुरावा पाव शतकापूर्वीच उपलब्ध झाला होता.

चोथ्यातले विष

परंतु काळ्या ज्वारीत केवळ पिष्ट नसते. १९९५ मध्ये अवकाळी पावसात भिजलेली ज्वारी आणि मका खाल्ल्यामुळे दख्खनच्या पठारावरील अनेक गावांत पोटदुखी आणि जुलाबाची साथ पसरली, आणि तिचे कारण फ्युमोनिसिन हे बुरशीजन्य विष असल्याचे तपासात आढळले. मक्यात अफ्लाटॉक्सिन हे त्याहून घातक विष होऊ शकते. ही विषे वाफ होऊन उडत नाहीत, त्यामुळे मद्यार्क स्वच्छ निघतो. पण धान्याचे पिष्ट निघून गेल्यावर उरलेल्या चोथ्यात तीच विषे जवळजवळ तिप्पट तीव्र होतात. हा वाळवलेला चोथा कोंबड्यांचे आणि गुरांचे खाद्य म्हणून विकला जातो, आणि गायीने खाल्लेल्या अफ्लाटॉक्सिनचा अंश दुधात उतरतो. धान्य शिजवल्याने अफ्लाटॉक्सिन नष्ट होत नाही, म्हणून हा धोका दोन्ही पद्धतींना सारखाच आहे. त्याला उत्तर एकच: दाणा आत येताना आणि चोथा बाहेर जाताना तपासणी.

ताटातले आणि टाकीतले

२००७ मध्ये महाराष्ट्र सरकारने धान्यापासून मद्यार्क करणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण आणले तेव्हा काळ्या पडलेल्या ज्वारीला भाव मिळेल हाच युक्तिवाद पुढे होता, आणि आरोग्य-कार्यकर्ते डॉ. अभय बंग यांच्यासह अनेकांनी अन्नधान्यापासून दारू करण्याला सरकारी पैशाने उत्तेजन देण्यास तीव्र विरोध केला. तो विरोध आजही विसरण्याजोगा नाही. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने खराब गहू, तुटका तांदूळ आणि सडलेले बटाटे यांना इंधनासाठी वाट करून दिली. पुढे अन्न महामंडळाच्या गोदामातील शिल्लक तांदूळही तीत आला. २०२३ च्या डिसेंबरमध्ये उसाच्या रसावर निर्बंध आल्यावर आसवन्या मक्याकडे वळल्या आणि २०२४ मध्ये, एरवी मका निर्यात करणाऱ्या भारताला तो म्यानमार आणि युक्रेनमधून आणावा लागला. कोंबड्यांचे खाद्य महागले. दुसऱ्या बाजूला मका लावणाऱ्या शेतकऱ्याला कित्येक वर्षांनी बरा भाव दिसला. खराब धान्यासाठी उघडलेल्या दारातून चांगले धान्य जाऊ लागले, हे या धोरणाचे आजचे वास्तव आहे.

कच्च्या किण्वनाचे तंत्र या प्रश्नाचे उत्तर देत नाही, तसे ते देईल अशी अपेक्षाही धरू नये. ते एवढेच करते की, इंधनासाठी धान्य वापरायचेच असेल तर त्यामागे कमी कोळसा जळतो, आणि उकळण्याला दाद न देणारी काळी ज्वारी त्याला अधिक मानवते. म्हणून सरकारी प्रोत्साहन द्यायचेच तर ते चांगल्या मक्याऐवजी अशा ज्वारीला आणि न शिजवता चालणाऱ्या आसवनीला मिळावे, आणि त्यासोबत दोन अटी असाव्यात: खरीप ज्वारीच्या प्रत्येक मोठ्या बाजार समितीत बुरशीजन्य विषाची तपासणी व्हावी, आणि आसवनीतून बाहेर पडणाऱ्या चोथ्याचा तपासणी-दाखला पाहिल्याशिवाय तो कोणत्याही गोठ्यात किंवा कुक्कुटशाळेत विकता येऊ नये. मिश्रणाचे आकडे जाहीर करणाऱ्या तेल कंपन्यांनी इथेनॉल कोणत्या धान्याचे आहे आणि ते धान्य माणसाच्या खाण्याजोगे होते की नव्हते, हेही त्याच पत्रकात छापावे.